सकाळी सेल्फ खाणारी डिझेल व्हॅन: इंजिन काम काढू की थांबू?

वेण्णाकाठ

मंडळी, नमस्कार. गाडी बारा-तेरा आसनी डिझेल व्हॅन, २०१२ चं मॉडेल, बीएस-३. चार सिलिंडर, टर्बो, रोटरी पंप, हीटर प्लगवालं प्री-चेंबरचं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणारं) इंजिन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद त्यावरच जातील. मेढ्याहून सातारा एमआयडीसीत पहिल्या पाळीची माणसं सोडतो, त्यामुळे पहाटे साडेपाचला गाडी रस्त्याला लागलीच पाहिजे.

थंडी पडल्यापासून सकाळचा सेल्फ फार खाते. तीन-चार वेळा लांब सेल्फ मारावा लागतो, मग कुठे धडधडत उठते. अर्धा मिनिट दोन-तीन सिलिंडरवरच चालल्यासारखी हलते, पांढऱ्या धुरानं आख्खी आळी भरते, आणि मग जणू काही झालंच नाही अशी गप चालते. दिवसभर चावी फिरवली की अर्ध्या सेल्फला स्टार्ट. बॅटरी गेल्या वर्षीच नवी घातलीय. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर दोन्ही बदललेत.

इथल्या एका गॅरेजवाल्यानं आवाज ऐकूनच सांगितलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबायची ताकद) गेलंय, इंजिन काम निघालं, साठ-सत्तर हजार धरून चाला. गाडी आठवडाभर उभी ठेवायची म्हणजे माणसं दुसरी गाडी धरणार. खरंच इंजिन उघडायची वेळ आलीय का, की आधी बघण्यासारखं काही आहे? जाणकारांनी सांगावं.

अण्णा_कराडकर

सोपं आहे की हो. स्टार्टिंग स्प्रेचा डबा आणा, एअर फिल्टरच्या तोंडाशी एक फवारा, आणि मारा सेल्फ. डबा नसला तर फडक्यावर थोडं पेट्रोल टाकून तोंडाशी धरायचं. आमच्याकडं ट्रॅक्टरला पंधरा वर्षं हेच चाललंय.

पाना_नंबर_तेरा

अण्णा, थांबा. वेण्णाकाठ, हे अजिबात करू नका. कारण खाली लिहितो.

आधी माझी ओळख. तीस वर्षं फिटर होतो, मोठ्या गाड्यांवर. आता घरी बसून फक्त सल्ले देतो, ते फुकट असल्यामुळे कुणी ऐकत नाही.

स्प्रेमध्ये ईथर असतं. ते डिझेलपेक्षा फार कमी तापमानाला पेट घेतं. तुमच्या गाडीला हीटर प्लग आहेत. चावी दिली की त्यांची टोकं लालभडक होतात. आता ईथर आत गेलं की पिस्टन वर पोचायच्या आतच भडका उडतो, पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याला खाली ढकलतोय. पिस्टनच्या रिंगांच्या मधली भिंत फुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कॉम्प्रेशन खरंच जातं. ‘गाडीला स्प्रेची सवय लागते’ म्हणतात ना, ती सवय नसते. आत मोडतोड झालेली असते. पेट्रोलच्या फडक्याचंही तेच, शिवाय वर आग लागायची भीती.

आता तुमच्या गाडीविषयी. आवाज ऐकून कॉम्प्रेशन कळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. मला एवढं सांगा:

पहिला सेल्फ मारता तेव्हा सायलेन्सरमधून धूर येतो का? गाडी उठल्यावरचा धूर मला नकोय. सेल्फ फिरत असताना, इंजिन उठायच्या आधी काय दिसतं ते हवंय. अजिबात नाही, पांढरा, की काळा?

गरम इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढलं तर खालून फसफस धूर येतो का? ऑइल कमी होतं का? घाटात ओढ कमी झालीय का?

आणि गाडी रात्री उभी कशी करता, सपाटीला की उतारावर?

निवांत_फलटण

काका शेवटचा प्रश्न ज्योतिषासारखा वाटतो. तोंड पूर्वेला की पश्चिमेला तेही विचारा.

पाना_नंबर_तेरा

विचारतोय त्याला कारण आहे. बघा तुम्ही.

डिजिटल_मीटर

कॉम्प्रेशनवर जायच्या आधी मीटर लावा. सातारा एमआयडीसीतच इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे, त्यामुळे मला सगळीकडं वायरच दिसते, हे मान्य.

डिझेलला स्पार्क नाही. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. प्री-चेंबरच्या इंजिनात हवा साधारण बावीसाव्या हिश्शात दाबली जाते. पण इंजिन हळू फिरलं तर दाबली जाता जाता हवा रिंगांवरून निसटते आणि तिची उष्णता थंड लोखंड शोषून घेतं. म्हणजे सेल्फचा वेग हाच पहिला मुद्दा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ च्या आसपास असेल तर अर्धीच. मग कुणाला तरी सेल्फ मारायला लावून वाचन घ्या. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा सेल्फ मोटर. बॅटरी नवी असली तरी बघा, नव्या बॅटरीला कुजलेली अर्थ केबल जोडली की फळ तेच.

अर्थ तपासायची युक्ती: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ केबल किंवा तिचं टोक खराब. दोन-तीन सेल्फनंतर केबलला हात लावून बघा, जिथं गरम लागेल तिथं दुखणं.

आता हीटर प्लग. डॅशवर कॉइलच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि विझतो, त्यावरून हीटर चालू आहेत असं समजू नका. तुमच्या जमान्याच्या बहुतेक गाड्यांत तो दिवा फक्त टायमर सांगतो. चारही प्लग जळलेले असले तरी दिवा तसाच लागेल आणि विझेल.

तपासायचं असं. चारही प्लगना जोडणारी पट्टी नट काढून बाजूला करा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्यावर टेकवा. लागला तर आतली तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेला. मीटरनं मोजायचं तर साधारण एक ओहमच्या आसपास येतं, पण स्वस्त मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो, तो आधी पिना एकमेकींना टेकवून बघा आणि वजा करा. मग पट्टी परत लावून चावी द्या आणि पट्टीवर व्होल्ट बघा. अकराच्या वर आले तर रिले आणि फ्यूज ठीक.

डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर पट्टी काढायचीही गरज नाही. सुरुवातीला अँपिअर खूप चढतात, मग उतरून चार प्लगना मिळून चाळीसच्या आसपास स्थिरावतात. वीसच आले तर दोन प्लग सुट्टीवर. घरातला साधा क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी मोजतो, तो इथं शून्य दाखवेल. तेवढं बघून आणा.

हळद_पेठ

सांगलीकडून राम राम. सकाळच्या स्टार्टिंगचा विषय निघाला आणि आमच्या कृष्णाकाठच्या ऑइल इंजिनाची आठवण झाली. थोडं अवांतर आहे, चालवून घ्या.

वीज यायच्या आधी नदीवरून उसाला पाणी उचलायचं ते इंजिनानं. हँडल मारायचं. पण भरलेल्या कॉम्प्रेशनवर हातानं इंजिन फिरतंय कुठं! म्हणून वर एक डीकॉम्प्रेशनचा खटका असायचा. तो उचलला की व्हॉल्व्ह उघडा राहायचा, इंजिन हलकं फिरायचं. दोघं मिळून हँडल फिरवत फ्लायव्हीलला वेग आणायचे आणि तिसरा एकदम खटका पाडायचा. टप टप टप करत धुराचं वेटोळं. ज्याला खटका कधी पाडायचा ते कळलं तो वस्तीतला इंजिनियर.

आणि थंडीत आमचे आजोबा हवेच्या तोंडातून दोन थेंब इंजिन ऑइल सोडायचे. त्यानं रिंगांची फट बुजते आणि तेवढ्यापुरतं कॉम्प्रेशन वाढतं. आजही कॉम्प्रेशन तपासताना हेच करतात: आधी कोरडं वाचन, मग चमचाभर ऑइल टाकून वाचन. ऑइल टाकल्यावर आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. (वेण्णाकाठ, हे स्वतः करू नका. ऑइल जास्त पडलं तर ते दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो.)

किर्लोस्करवाडी आमच्याच पलूस तालुक्यातली, १९१० ची. जागा औंध संस्थानची, म्हणजे एका अर्थी तुम्हा सातारकरांचीच. ऑइल इंजिनांची कंपनी मात्र पुढं १९४६ ला पुण्यात निघाली.

निवांत_फलटण

हळदराव, म्हणजे वेण्णाकाठनी व्हॅनला हँडल बसवायचं?

वेण्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काकांच्या प्रश्नांची उत्तरं:

पहाटे मुलाला मागं उभं केलं टॉर्च घेऊन. पहिल्या आणि दुसऱ्या सेल्फला धूर अजिबात नाही, एक रेघसुद्धा नाही. तिसऱ्याला मधेच पांढरा धूर सुरू होतो आणि त्यानंतर थोड्या वेळानं गाडी धडधडत उठते.

ऑइल झाकणातून किरकोळ वाफ येते, फसफस नाही. ऑइल दोन सर्व्हिसच्या मधे वरून घालावं लागत नाही. केळघर घाट पूर्वीसारखाच चढते.

बॅटरी रात्रीची १२.५, सेल्फ फिरताना १०.१. अर्थवर ०.२ दिसले. क्लॅम्प मीटर अजून मिळालेला नाही.

गाडी घराच्या चढावर लावतो, तोंड वर. दुसरी जागाच नाही. आणि हो, बहिणीकडं गोडोलीला मुक्कामाला गेलो की तिथं सपाटीला असते, तिथं सकाळी एवढी त्रास देत नाही. मी समजत होतो साताऱ्यात थंडी कमी म्हणून.

पाना_नंबर_तेरा

निवांतराव, वाचलंत? कुंडली जुळली.

वेण्णाकाठ, धूर नाही याचा अर्थ आत डिझेलच नाही. डिझेल गेलं आणि पेटलं नाही तर त्याची वाफ पांढऱ्या धुरासारखी बाहेर येते, डोळ्याला झोंबते, कच्च्या डिझेलचा वास येतो. तुमच्याकडं पहिले दोन सेल्फ नुसतं डिझेल खेचण्यातच जातायत. म्हणजे रात्रीत लाइन रिकामी होते. कॉम्प्रेशन गेलेल्या गाडीला पहिल्या सेल्फपासून पांढरा धूर दिसला असता, झाकणातून फसफस आली असती आणि घाटात ती रडली असती. तुमच्याकडं यातलं काहीच नाही.

पुढचं पंपवाल्या माणसानं सांगावं. कोरेगावकर, आहात का?

पंपवाला_कोरेगाव

आहे. वाचत होतो.

टाकी मागं आणि खाली, फिल्टर पुढं आणि वर. तोंड चढाला म्हणजे फिल्टर आणखी वर. पाइपात सगळीकडं डिझेल गच्च भरलेलं असेल आणि हवा शिरायला जागा नसेल तर ते खाली उतरूच शकत नाही. कुठंतरी सुईएवढी फट मिळाली की वरून हवा येते आणि डिझेल शांतपणे टाकीत परत जातं. सपाटीला उतरण कमी, म्हणून गोडोलीत त्रास कमी.

लोक इथं फसतात ते असं, की खाली डिझेलचा थेंब दिसत नाही, म्हणून गळती नाही म्हणतात. पण टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. उसाच्या रसाच्या नळीला भोक असलं तर रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसंच हे. हवा आत येणारी जागा बाहेरून कोरडी ठणठणीत दिसू शकते.

उद्या पहाटे सेल्फ मारायच्या आधी फिल्टरवरचा हँड प्रायमर (हातानं डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबा. आधी पोकळ लागेल, मग हळूहळू घट्ट होईल. घट्ट झाला की हीटर देऊन सेल्फ मारा. पहिल्या सेल्फला धूर दिसला किंवा गाडी उठली तर निदान पक्कं. प्रायमर पहिल्यापासूनच घट्ट असेल तर माझं म्हणणं चुकीचं, दुसरीकडं बघू.

हवा कुठून शिरते ते शोधायचा क्रम मी असा धरतो. फिल्टर नुकताच बदललाय ना? मग आधी तिथंच. फिल्टरची रबरी सील दुमडली का, जुनी सील वर चिकटून राहून त्यावर नवी बसली का. त्यानंतर फिल्टरच्या बुडाला पाणी काढायचा जो स्क्रू असतो त्याची ओ-रिंग (रबरी कडी), ही सगळ्यात जास्त वेळा निघते. मग खुद्द हँड प्रायमर, त्याचा रबरी पडदा चिरतो किंवा आतला एकमार्गी व्हॉल्व्ह बसत नाही. डिझेलचे पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की परत वापरायचे नसतात, पण वापरतात. रबरी नळ्यांचे क्लॅम्प. आणि नोझलवरून (डिझेल फवारणाऱ्या तोटीवरून) परत जाणाऱ्या बारक्या विणीच्या नळ्या, त्या उन्हातान्हात कडक होऊन टोकाशी तडकतात. त्याकडं कुणी बघत नाही.

पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी लावली तर सगळं डोळ्यांनी दिसतं. रात्री इंजिन बंद करताना भरलेली, सकाळी रिकामी किंवा बुडबुडे. अजून खात्री हवी असेल तर स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन बॉनेटच्या उंचीला नीट बांधून तिथून थेट पंपाला डिझेल द्या, रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये. रात्रभर तसं ठेवून सकाळी पहिल्या सेल्फला उठली तर पंप आणि नोझल निर्दोष, दुखणं कॅन आणि टाकी यांच्या मधल्या लाइनीत.

एक सूचना. रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं, आतले भाग डिझेलवरच ओले राहतात. रोज सकाळी त्याला हवा पाजलीत तर पंप झिजेल, आणि मग माझ्याकडं यावं लागेल. ते स्वस्त नाही. सेल्फही सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे अर्धा मिनिट सोडा.

अण्णा_कराडकर

ते सगळं ठीक, पण थंडीत डिझेल गोठतं हेही खरं ना? महाबळेश्वरला तर बर्फ पडतो.

पंपवाला_कोरेगाव

अण्णा, वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, गाड्यांच्या टपावर दव गोठतं, ते पेपरात येतं. बर्फ पडत नाही. डिझेलमधलं मेण धरून फिल्टर चोंदतो ते ज्या तापमानाला, त्याची कमाल मर्यादा भारतीय मानकात हिवाळ्यासाठी ६ अंश आहे आणि उन्हाळ्यासाठी १८. मेढ्यात पहाटे दहा-बारा अंश असतील तर हिवाळी डिझेलला काही होत नाही. शिवाय मेण धरलं असतं तर गाडी उठूनही पुढं ओढत नसती, मधेच बंद पडली असती. यांची गाडी एकदा उठली की ठणठणीत आहे.

थंडीनं होतं ते वेगळं. बॅटरीचा जोर कमी होतो, ऑइल जाड होतं, दाबलेली हवा हवी तेवढी तापत नाही.

डिजिटल_मीटर

ऑइलवरून आठवलं, ग्रेड कुठला घालता? पूर्वी सरसकट २०डब्ल्यू-५० घालायचे. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर तेच घाला, थंड इंजिन हलकं फिरतं.

घाटातली_गिअर

धागा वाचनखुणेत टाकला. माझी वाईत शाळेच्या मुलांची गाडी आहे, पण बीएस-४, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून जबर दाबाचं डिझेल). तिलाही सध्या सकाळी सेल्फ जास्त लागतो. हेच सगळं तिला लागू आहे का? माझा ड्रायव्हर म्हणतो नोझलचे नट ढिले करून एअर काढतो.

पंपवाला_कोरेगाव

ताई, त्याला हात लावू देऊ नका. आधी हे वाचा.

जुन्या गाडीत नट ढिला करून सेल्फ मारायचा आणि हवा काढायची ही पद्धत होती. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनाला दाब हजार बारच्या वर जातो. तेवढ्या दाबाची सुईसारखी धार कातडीतून आत जाते. बाहेरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट किंवा हात गमावायची वेळ येते. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल. त्या पाइपांना चालू इंजिनावर हात नाही, बंद केल्यावरही काही मिनिटं नाही.

तुमच्या गाडीत टाकी ते पंप हा भाग तसाच आहे, तिथं हवा शिरणं लागू. पुढचं वेगळं. रेलमध्ये साधारण दोनशे-अडीचशे बार दाब जमल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. एखादा इंजेक्टर, म्हणजे नोझल, आतून जास्त रिटर्न सोडत असेल तर दाब जमायला वेळ लागतो. स्कॅनर लावून सेल्फ फिरताना रेलचा दाब बघा, आणि चार इंजेक्टरांच्या रिटर्नला चार बाटल्या लावून कुठली लवकर भरते ते बघायला सांगा. हीटर प्लगचा संशय तुमच्यात शेवटी घ्या. कॉमन रेलमध्ये डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं, आपल्याकडच्या थंडीत प्लग नसतानाही बहुतेक उठतात.

घाटातली_गिअर

बापरे. ड्रायव्हरला आत्ताच फोन केला. धन्यवाद दादा, स्कॅनरवाल्याकडं नेते. आकडे मिळाले की नवा धागा काढते, यांचा खराब करत नाही.

वेण्णाकाठ

प्रायमर पोकळच होता. बराच वेळ दाबल्यावर घट्ट झाला. मग हीटर देऊन सेल्फ मारला आणि पहिल्याच सेल्फला धूर आला, दुसऱ्याला गाडी उठली. म्हणजे कोरेगावकर बरोबर.

पण धडधड आणि पांढरा धूर तसाच! अर्धा मिनिट तशीच हलली. आता हे काय? डिझेल तर पोचलंय.

पाना_नंबर_तेरा

म्हणजे दुखणी दोन आहेत. हे फार वेळा होतं आणि माणूस इथंच गोंधळतो. एक बरं केलं, त्रास राहिलाच, म्हणून पहिलं निदान चुकलं असं वाटतं आणि गाडी इंजिन कामाला जाते.

दोन-तीन सिलिंडरवर उठते आणि तापल्यावर सरळ होते, हे प्लगचं लक्षण. ज्या चेंबरचा प्लग जिवंत तो पेटतो, मेलेल्या चेंबरमधलं डिझेल कच्चंच पांढरं बाहेर पडतं. इंजिन तापलं की सगळे पेटतात. उन्हाळ्यात चालून गेलं असेल, थंडीत उघडं पडलं. टेस्ट लॅम्प लावाच.

वेण्णाकाठ

लावला. दुसरा आणि तिसरा मेलेले. पट्टीवर ११.४ व्होल्ट येतायत, म्हणजे रिले ठीक. दोनच बदलू की चारही?

डिजिटल_मीटर

चारही. एका वयाचे आहेत, उरलेले दोन पुढच्या थंडीत जातील. जुन्या प्लगवरचा नंबर आणि व्होल्ट बघूनच घ्या. अलीकडच्या काही गाड्यांचे प्लग पाच-सात व्होल्टचे असतात, त्यांना कंट्रोलर लागतो. ते तुमच्या १२ व्होल्टवर थेट लागले तर काही सेकंदांत उडतील. लांबीही तीच हवी.

पाना_नंबर_तेरा

काढताना घाई नको. वर्षानुवर्षं बसलेला प्लग काजळीनं धरतो. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल सोडा, सकाळी इंजिन पुरतं गरम करा आणि गरम असतानाच लहान पान्यानं काढा. लांब पाना लावून जोर करायचा नाही. अडला तर परत थोडा घट्ट, परत थोडा सैल, असं खेळवत. टोक आत तुटलं तर हेड उतरवावं लागतं, आणि मग गॅरेजवाल्याचे साठ हजार आठवतील. बसवतानाही हाताला लागेल इतपतच घट्ट.

चारही प्लग बाहेर असतील तेव्हा एक काम आवर्जून करून घ्या. त्या भोकातून कॉम्प्रेशन गेज लावता येतो. पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढायची म्हणजे डिझेल बंद, आणि एकेका सिलिंडरला सेल्फ मारून आकडा लिहून घ्यायचा. या जातीच्या इंजिनाला साधारण चारशे पीएसआयच्या आसपास चांगलं समजायचं, तीनशेच्या खाली चिंता. चारांमध्ये एकमेकांत फार फरक नको, हे आकड्यापेक्षाही महत्त्वाचं.

वेण्णाकाठ

झालं काम. ओळखीच्या एका फिटरकडून साताऱ्यात करून घेतलं, एकाच दुपारी. दुसऱ्या पाळीची माणसं घ्यायलाही वेळेवर पोचलो.

पाणी काढायच्या स्क्रूची ओ-रिंग चपटी होऊन चिरलेली निघाली. फिल्टरवाल्यानं स्क्रू जुनाच परत लावला होता. शिवाय तिसऱ्या नोझलची रिटर्नची नळी टोकाला तडकलेली. ओ-रिंग, हातभर नळी आणि बँजोचे वॉशर मिळून किरकोळ पैसे. चार प्लग दोन हजारांच्या आत बसले. तिसरा प्लग निघता निघता फिटरला घाम फुटला, पण अखंड निघाला.

कॉम्प्रेशन: ४१०, ४००, ३९०, ४०५. फिटर म्हणाला या इंजिनाला हात लावणाऱ्याचा हात बांधून ठेवा.

आज पहाटे चढावरच उभी होती. हीटरचा दिवा विझला, सेल्फ मारला, उठली. धूर नावाला.

ती पारदर्शक नळी अजून लावलेलीच आहे, छान दिसतं डिझेल. ठेवली तर चालेल ना?

पंपवाला_कोरेगाव

काढा. ती पाण्याची नळी आहे, डिझेल आणि उष्णतेनं महिन्या-दोन महिन्यांत कडक होऊन क्लॅम्पपाशी तडकेल, आणि परत हवा. डिझेलची रबरी नळीच लावा. आणि दर महिन्याला फिल्टरमधलं पाणी सोडताना त्या ओ-रिंगकडं बघत जा.

निवांत_फलटण

काका, माझी गाडी पेट्रोलची आहे आणि तोंड उत्तरेला असतं. काही उपाय?

पाना_नंबर_तेरा

पेट्रोल भरा.

अण्णा_कराडकर

बरं, मग माझ्या ट्रॅक्टरचं काय? पंधरा वर्षं स्प्रेवर चाललाय. त्याला हीटर प्लग नाहीत.

पाना_नंबर_तेरा

थेट इंजेक्शनच्या ट्रॅक्टरला चेंबरमध्ये प्लग नसतात, म्हणून तो आजवर टिकला. पण इनटेक मॅनिफोल्डवर एक वायर गेलेली जाड बोल्टसारखी वस्तू दिसते का बघा. असली तर तो हवा तापवायचा हीटर आहे, आणि तो चालू असताना फवारा मारलात तर भडका थेट तुमच्या तोंडावर येईल. बहुतेक त्याची वायर कधीच तुटली असणार, म्हणून तर स्प्रे लागतोय. उद्या फोटो टाका, वायर जोडून बघू.